कुमुदताईचा शेवटचा हलवा

फोन आला तेव्हा मी शंकर नगरच्या कोपऱ्यावर भाजीवाल्याशी वांग्यांवरून भांडत होते. पलीकडे जुही होती, कुमुदताईची नात. "शैला आजी, आप आ जाओ. आजी चली गई." एवढंच बोलली ती. मी "हो, येते" म्हटलं, फोन पर्समध्ये टाकला आणि काय सांगू, पुन्हा वांग्यांकडे वळले. एक किडकं वांगं बाजूला काढलं, त्याऐवजी दुसरं घेतलं. घरी आले, वांगी चिरून पाण्यात टाकली, गॅस पेटवला, बंद केला, पुन्हा पेटवला, आणि मग कुठे डोक्यात शिरलं की आपल्याला पुरानी बस्तीत, कुमुदताईकडे जायचं आहे. ऑटोवाला रमतगमत चालला होता. त्याला मी सारखी म्हणत होते, भैया जल्दी चलो, जल्दी चलो. शेवटी तो वैतागून म्हणाला, दीदी, ट्रेन पकडनी है क्या? घाई कसली होती आता... पण बसवत नव्हतं, हे खरं.

त्याला काही आठवडे होऊन गेले, तरी अजून बसवत नाही. हे लिहितेय तेसुद्धा स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी उभं राहून. दोन ओळी लिहिते, दूध बघते, गच्चीवर जाऊन वाळत घातलेले कपडे उगाच उलटेपालटे करून येते. माझ्या पायाला भिंगरी आहे हे सगळ्या रायपूरला माहीत आहे, पण आधी ती भिंगरी थांबवणारं एक माणूस होतं. "काहून नाचून राहिली वं तू? बस नं एका जागी," असं कुमुदताई म्हणाली की मी बसायची. ऐकायची म्हणून नव्हे हो, तिच्यापुढे माझं काही चालायचं नाही म्हणून. ती माझ्याहून वयानं चांगलीच मोठी, पण अहो-जाहो तिनं मला कधी करू दिलं नाही. एकदा सुरुवातीला "तुम्ही" म्हटलं तर म्हणाली, तुम्ही म्हणशील तर माझ्या घरचा चहा मिळणार नाही. तिच्या घरचा चहा फार चांगला असायचा, त्यामुळे प्रश्न तिथंच मिटला.

मी लग्न होऊन अमरावतीकडून इथं आले. नवरा सरकारी नोकरीत, शेजार सगळा हिंदी, आणि माझं हिंदी म्हणजे मराठीला 'है' लावलेलं. घरात कोंडल्यासारखं व्हायचं. शेजारच्या सुनंदावहिनी मला एका गुरुवारी आमच्या महिला मंडळात घेऊन गेल्या. देवळामागची एक खोली, खाली सतरंज्या, कोपऱ्यात शिवणाचं मशीन, आणि त्या सतरंज्यांवर बसून बायका सुपाऱ्यांचं लग्नाचं वऱ्हाड करत होत्या. कुणाच्या तरी मुलीच्या रुखवतात मांडायला. सुपारीचे भटजी, सुपारीची करवली, सुपारीचा घोडा. त्यात एक बाई भिंतीला टेकून नुसती बसली होती आणि जे कुणी जे काही करेल त्याला नावं ठेवत होती. भटजींचं पोट मोठं झालं म्हणाली. करवलीला नाकच नाही म्हणाली. मी मनात म्हटलं, कोण ही आगाऊ बाई? ती कुमुदताई. तिचं घराणं भोसल्यांच्या काळापासून पुरानी बस्तीत राहिलेलं, मराठी बोलता बोलता मध्येच 'हो'ऐवजी 'हव' म्हणायची, छत्तीसगढी भाजीवालीशी अशी बोलायची की भाजीवालीला वाटावं ही आपल्याच पाऱ्यातली, आपल्याच आळीतली. मला म्हणाली, "तू नागपूरकडची दिसते. तोंड बंद ठेवता येत नाही ना तुले?" तेव्हा मी एक शब्दही बोलले नव्हते. पण नंतर पाहिलं तर तिचं म्हणणं बरोबर होतं.

ती भिंतीला टेकून बसायची, कारण तिचं काम वर्षातून एकदाच यायचं. थंडी पडली की. आता तरुण वाचकांना हलवा म्हटलं की गाजराचा आठवेल, म्हणून सांगते, हा संक्रांतीचा हलवा. तीळ, खसखस, नाहीतर टरबुजाची बी घ्यायची, परातीत मंद आचेवर ठेवायची, आणि त्यावर साखरेचा पाक चमचा-चमचा घालत बोटांनी हलवत राहायचं. पाक वाळला की दुसरा चमचा. तो वाळला की तिसरा. असं दिवसच्या दिवस. मग त्या दाण्यावर पांढरा काटा फुलतो. तो काटेरी दाणा दोऱ्यात ओवून नव्या नवरीचे दागिने करायचे. गळ्यातलं, बांगड्या, बाजूबंद, बिंदी. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला नवरी काळी साडी नेसून ते घालते. बाजारात तयार मिळतात हल्ली. कुमुदताई त्यांना साबणाचे गोळे म्हणायची.

तिचा काटा मात्र काय वर्णावा. ती बोटं अशी फिरवायची की परात गरम आहे हे तिला ठाऊकच नसावं. मलाही तिनं बसवून पाहिलं. मी दोन चमचे पाक घातला, हलवला, मग वाटलं असं थेंबथेंब करून संध्याकाळ होईल, म्हणून अर्धी वाटी एकदम ओतली. सगळे तीळ एकमेकांना चिकटून एक मोठी ढेप झाली. कुमुदताईनं ती ढेप उचलली, उलटसुलट पाहिली आणि बाहेर गाईपुढे टाकून आली. परत येऊन म्हणाली, तू दोरे ओव. त्यानंतर मी दोरेच ओवत आले. ढगाळ हवा आली की तिचं डोकं फिरायचं, कारण दमट हवेत काटा फुलत नाही. रायपूरची थंडी ती किती, चार दिवस येते आणि पाहुण्यासारखी निघून जाते, त्या चार दिवसांत तिला सगळ्या मंडळातल्या मुलीसुनांचा हलवा करायचा असायचा. त्या दिवसांत तिच्या घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही, पंखा लावायचा नाही, आणि मी तर दारातच उभी राहायची, आत आले की मी काहीतरी सांडणार याची तिला खात्री होती.

तिच्यात आणि सुनंदावहिनींच्यात कायमचा एक वाद होता. सुनंदावहिनी आमच्या अध्यक्ष. फार गुणी बाई, हात सोन्याचा. त्यांचं सगळं टिकाऊ काम. थर्माकोलचा महाल, मोत्यांची महिरप, खोबऱ्याच्या वाट्यांवर नक्षी, आणि सगळं झालं की त्यावर पारदर्शक वॉर्निशचा हात. आमच्या खोलीला बारा महिने वॉर्निशचा वास असायचा. कुमुदताई नाकाला पदर लावून बसायची. म्हणायची, हे तुमचं सामान लग्नात अर्धा दिवस मांडता, मग दहा वर्षं टीव्हीवर धूळ खात बसतं, सून बिचारी पुसत राहते. सुनंदावहिनी म्हणायच्या, मग तुमचं काय, कुमुदताई, इतके दिवस हात भाजून घेता अन् संध्याकाळी उरतं काय? त्यावर कुमुदताई हसायची. काही उरू नये हाच तर तिचा हट्ट होता. आमच्याकडची रीतच ती. नवरीनं दागिने घालायचे, फोटो काढायचे, हळदीकुंकू व्हायचं, आणि मग तिथंच ते तोडून सगळ्यांना वाटायचे. एकदा एका मुलीनं फार गयावया केली, की हे इतके सुंदर आहेत, मी कपाटात जपून ठेवीन, तोडू नका. आम्ही सगळ्या विरघळलो. कुमुदताई उठली, त्या मुलीच्या मागे गेली, आणि मानेवरचा दोरा दातानं कट्कन तोडला. हलवा सतरंजीभर उडाला. पोरं तुटून पडली. मुलगी रडकुंडीला आली तर तिच्या तोंडात एक दाणा घालून म्हणाली, "खाय. तुझ्यासाठीच तर केला." मला त्या वेळी राग आला होता तिचा. वाटलं, काय हे माणूस आहे... त्या मुलीनं मात्र दाणा चघळता चघळता दुसऱ्यासाठी हात पुढे केला होता.

गेल्या वर्षी तुळशीचं लग्न झालं, जुहीचं लग्न ठरलं आणि पंधरा दिवसांत लागलंही. कुमुदताईच्या मुलाची, प्रकाशची ही एकुलती एक पोट्टी. सासर अभनपूरचं, हिंदी बोलणारं, धान-चावलाचा व्यापार, माणसं चांगली. जुही आमच्या सगळ्या मराठी बोलण्याला हिंदीत उत्तर देते. कळतं सगळं, पण तोंडातून निघत नाही. कुमुदताईला त्याचं वाईट वाटायचं, पण ती बोलून दाखवायची नाही. तिनं एकच ठरवलं, की नातीच्या पहिल्या संक्रांतीला आपल्या हातचा हलवा. तेव्हा तिला दम लागायचा, गुडघे गेलेले, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. प्रकाश म्हणाला, आई, बाजारातून आणू. तिनं त्याच्याशी बोलणंच सोडलं काही दिवस. थंडी नीट पडायच्या आधीच ती परात घेऊन बसली.

मी रोज जायची. रोज वाटायचं, आज हिला उठवावं, आणि रोज दारात उभी राहून परत यायची. तिची बोटं पूर्वीसारखी फिरत नव्हती. मध्येच थांबायची, दम खायची, पुन्हा चमचाभर पाक. मला पाहवत नव्हतं. मी नुसती आतबाहेर करायची, तिच्या अंगणातली तुळस दिवसातून दोनदा पाण्यानं बुडवायची. हलवा झाला तेव्हा तिनं मला आत बोलावलं, हातावर एक दाणा ठेवला आणि म्हणाली, पाह्य. काटा असा आला होता की बोटाला टोचत होता. ओवायला डोळे राहिले नव्हते, आणि नातीचे दागिने माझ्या घाईच्या हातावर सोडवेनात, म्हणून तिनं तो सगळा डबा मंडळात, सुनंदावहिनींकडे पाठवला. आणि मला जवळ बसवून घेतलं. काळ्या साडीवरून जुहीच्या सासरी कुरकुर होती, त्यांच्याकडे नव्या सुनेनं काळं नेसणं म्हणजे अपशकुन. कुमुदताई म्हणाली, काळी नेसो की निळी की पॅन्ट घालो, मले काय. हलवा अंगावर पडला पाहिजे. मग म्हणाली, "मी नसली तं तू तोड. सुनंदाच्यानं व्हायचं नाही, तिले ठेवायची सवय आहे. तू तोड अन् जुहीच्या तोंडात पहिला दाणा तू घाल. आं?" मी म्हटलं, नसायला काय झालं तुला. तिनं माझ्या मनगटाला धरून ठेवलं, मी हो म्हणेपर्यंत सोडलंच नाही. मी हो म्हटलं. त्यानंतर आठवड्याच्या आत तो वांग्यांच्या वेळचा फोन आला.

तेरावं झालं. आणि माझ्या जिवाला एकच लागलं, की संक्रांत तोंडावर आहे आणि मी हो म्हणून बसलेय. प्रकाश म्हणाला, यंदा आमच्याकडे सण नाही, मावशी. ते बरोबरच होतं. पण जुही आता त्या घरची नव्हती, तिला तिच्या घरचा सण होता. तिकडून मात्र निरोप आला की नाही. जुही फोनवर रडत म्हणाली, मम्मीजी कहती हैं, जो चला गया उसके हाथ का गहना नई बहू कैसे पहने. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरात एक तास नुसत्या येरझारा घातल्या, आणि दुसऱ्या दिवशी बस पकडून अभनपूरला गेले. घरच्यांनी विचारलं कुठे, तर म्हटलं, गूळ आणायला.

वाटेत मी काय काय बोलणार ते पाठ करत होते. आमच्या रीतीभाती, आमचे सण, तुम्हाला काय कळतं, असं बरंच तिखट. शेजारी बसलेली बाई माझ्याकडे पाहून सरकून बसली, बहुधा मी मोठ्यानं बोलत असावी. पण जुहीच्या सासूबाईंनी दारातच असं प्रेमानं आत घेतलं, पाय धुवायला पाणी दिलं, फरा, म्हणजे तांदळाच्या पिठाचे वाफवलेले मुटके, करून खाऊ घातला, की मी सगळं पाठांतर विसरले. मी साधं सांगितलं. की म्हातारी दमत दमत हे करत बसली होती, तिची शेवटची ही एक इच्छा, आणि मी तिला शब्द दिलाय. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, पहनने की चीज़ है ना, बहनजी, इसी से डर लगता है. मी म्हटलं, घालायची कुठे, खायची चीज आहे. तासभर अंगावर, मग पोटात. त्यांना ते माहीतच नव्हतं. त्यांना वाटलं होतं हा दागिना म्हणजे जन्मभर पेटीत राहणारा. बराच वेळ त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. मग उठून आत गेल्या, आणि परत येऊन शांतपणे म्हणाल्या, "हमारी सास गईं, तो उनके हाथ का आम का अचार भरा रखा था. साल भर हम वही खाए. किसी ने नहीं कहा मत खाओ." आणि मग, "पहना दीजिए. हम भी आएँगे."

येताना बसमध्ये मी पहिल्यांदा रडले. आनंदानं म्हणा, कशानं म्हणा. गूळ आणायचा राहिला.

बसमधून उतरून घरी न जाता थेट मंडळात गेले, कारण त्या दिवशी तिथं कुमुदताईसाठी शोकसभा होती. उशीर झाला होता. खोली भरलेली, उदबत्तीचा वास, आणि त्या उदबत्तीखाली तो दुसरा वास, वॉर्निशचा. मला आधी काही वाटलं नाही, तो नेहमीचाच. सुनंदावहिनी बोलत होत्या, आवाज भरून आलेला, आणि बोलता बोलता त्यांनी भिंतीवरचं एक कापड बाजूला केलं. काचेची फ्रेम. आत काळी मखमल. मखमलीवर कुमुदताईच्या हलव्याचं गळ्यातलं, बांगड्या, बाजूबंद, बिंदी, सगळं बारीक काळ्या दोऱ्यानं टाचून बसवलेलं, मधोमध कुमुदताईचा फोटो. प्रत्येक दाणा काचेसारखा चमकत होता. मला कळायला थोडा वेळ लागला. चमकतोय का? हलवा कधी चमकत नाही... मग कळलं. त्यांनी त्यालाही वॉर्निश मारलं होतं. डबाभर. एक दाणा कोरा ठेवला नव्हता.

बायका डोळे पुसत होत्या. सुनंदावहिनी म्हणाल्या, जुहीच्या सासरहून तर नाहीच आलं, नुसता ठेवला तर हवा लागून काटा विरघळला असता, आता कितीही वर्षं राहील, आमच्या कुमुदताईची आठवण. आणि मी तिथं, सगळ्यांदेखत, शोकसभेत, ओरडले. काय बोलले ते सगळं आठवत नाही. तुम्ही तिला खिळा ठोकून टांगलंत, असं काहीतरी म्हणाल्याचं आठवतं. सुनंदावहिनींचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी ते रात्रंदिवस बसून केलं होतं, त्यांच्या हाताला सुयांची भोकं होती, ती मला दिसत होती, तरी मी थांबले नाही. त्या नुसत्या म्हणाल्या, "मी काही वाईट केलं का गं, शैला?" मी तशीच निघून आले. तेव्हापासून आम्ही एकमेकींशी बोलत नव्हतो, आणि आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत.

रागानं तरी माणूस कुठवर पळणार? रथसप्तमीच्या आधी हळदीकुंकू झालंच. मी जाणार नव्हते. पण जुही येणार होती, सासूला घेऊन, आणि दागिन्यांचं काय झालं ते तिला कुणीतरी सांगायला हवं होतं. गर्द जांभळ्या साडीत आली ती. सासूबाईंनीच निवडली होती, काळ्याच्या जवळची पण काळी नाही अशी. आली ती सरळ माझ्याकडे, डोळे चमकत होते. कहाँ है? मी फ्रेमकडे बोट दाखवलं. ती जवळ गेली, काचेला नाक लावून पाहत राहिली. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "आजी, ये खा नहीं सकते?" मी मान हलवली. सासूबाईंना समजलं असावं, त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. बाजारातून आणलेला एक हार कुणीतरी तिच्या गळ्यात घातला, त्याचे फोटो निघाले. मी तो दोरा तोडला नाही. मला ते माझं काम वाटेना. दिलेला शब्द असा हातातून गेला.

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. माळे साफ केले. चांगले पडदे उतरवून पुन्हा धुतले. पुरानी बस्तीत विनाकारण जाऊन आले, तिच्या दारावरून पुढे गेले, आत गेले नाही. पाक करून पाहिला एकदा, तीळ घेऊन, ढेपच झाली. गाईला घालायलाही गेले नाही, स्वतःच खात बसले, दात दुखेपर्यंत. राग कुणावर काढायचा हेच कळत नव्हतं. सुनंदावहिनींवर होता, पण त्यांच्या खिडकीतला दिवा लवकर मालवायला लागला होता तेही मला दिसत होतं. आणि कुमुदताईवर तर सगळ्यांत जास्त होता. मरायचं होतं तर संक्रांत करून मरायचं. मला कशाला मध्ये घातलं?

मग परवाचा गुरुवार. इकडे ऊन तापायला लागलंय, दुपारी रस्ता ओस पडतो. जुही माहेरी आली होती, तिनंच फोन केला, मंडल चलते हैं, मुझे फोटो देखना है आजी का. नाही म्हणवेना. खोलीत सुनंदावहिनी एकट्याच होत्या. मला पाहून उठल्या, बसल्या, पुन्हा उठल्या. माझ्यासारखंच झालं होतं त्यांचं. त्यांच्या हातात मुंग्यांचा खडू होता.

फ्रेमच्या मागच्या फळीला खिळ्याचं भोक होतं, आणि भिंतीवरून एक बारीक काळी ओळ त्या भोकात चालली होती. मी जवळ जाऊन पाहिलं. वॉर्निश वरून मारलेलं. मखमलीला टेकलेली मागची बाजू कोरीच राहिली होती. मुंग्यांनी ती शोधून काढली होती. गळ्यातल्याचे कितीतरी दाणे आतून पोखरून नुसती चमकती टरफलं उरली होती, आणि फ्रेमच्या खालच्या फटीतून पांढरी भुकटी झिरपून खालच्या शिवणाच्या मशीनच्या झाकणावर पडली होती. सुनंदावहिनी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, कालपासून लागल्यात, मी आत्ताच पाहिलं, थांब, ओढते मी खडू, वाचेल अजून बरंच. मला वाटलं मी आता काहीतरी बोलणार. पण मला जुहीनं बोलू दिलं नाही. तिनं सुनंदावहिनींचं मनगट धरलं, घट्ट, तिच्या आजीनं माझं धरलं होतं तसंच, आणि त्यांच्या हातातला खडू काढून घेतला.

"खाऊ द्या नं त्यायले, काकू."

मराठीत. तिच्या तोंडून मराठी वाक्य आम्ही दोघींनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. तिला स्वतःला ते कळलं होतं की नाही कोण जाणे. ती वाकली, मशीनच्या झाकणावरची ती भुकटी बोटाला लावली, एक मुंगी फुंकरीनं उडवली आणि बोट तोंडात घातलं. डोळे मिटले. पुन्हा बोट टेकवलं, आणि ते माझ्यापुढे धरलं. मी खाल्लं. गोड होतं, दुसरं काय असणार... मला हुंदका आला तो तिथंच. सुनंदावहिनी आमच्याकडे पाहत उभ्या होत्या. जरा वेळानं त्या पुढे आल्या आणि त्यांनी तळहात पसरून आमच्यापुढे धरला. त्यावर सुईच्या खुणा अजून होत्या. मी भुकटी चिमटीत घेतली आणि त्यांच्या हातावर न ठेवता त्यांच्या तोंडात घातली.